कुलूपबंद दस्तऐवजांचे प्रकाशन

कागदावर उतरलेल्या मजकुराची नक्कल करावयाची म्हणजे कारकुनाचा वेळ, शाई, कागद आणि ज्याच्या दप्तरी मूळ प्रत असेल त्याची मिनतवारी, एवढा खटाटोप पूर्वी करावा लागे. आणि लेखकाचा, प्रकाशकाचा किंवा कचेरीचा हक्क राखण्याचे निम्मे काम त्या खटाटोपानेच परस्पर पार पडत असे. संगणकावरील फाइलीची नक्कल क्षणात होते, ती मुळाहून रतिमात्र उणी नसते, आणि ती पुढे कोणकोणाच्या हाती गेली याचा माग मालकाला लागत नाही. म्हणून गेल्या चाळीस वर्षांत एका निराळ्याच जातीचे सॉफ्टवेअर निर्माण झाले. ते दस्तऐवजाबरोबर त्याचा परवानाही प्रसिद्ध करते, आणि कोणी वाचावे, कोणी छापावे, कोणी उतारा घ्यावा व कोणत्या मुदतीपर्यंत, हे ठरविण्याचा अधिकार दस्तऐवज हातावेगळा झाल्यानंतरही मालकाकडे ठेवू पाहते. हे सॉफ्टवेअर रचावे कसे, याची चर्चा बहुधा गुप्तलेखनशास्त्राच्या अंगाने होते. परंतु मजकूर कूटबद्ध करण्याच्या भक्कम रीती आज कोणालाही विनामूल्य उपलब्ध आहेत. कच्चेपणा राहतो तो परवाना लिहिण्यात, किल्ली योग्य माणसापर्यंत पोहोचविण्यात, आणि किल्ली देणाराच नाहीसा झाला तर काय करावयाचे याची तजवीज आधी न करण्यात, असे माझे मत आहे, आणि त्याच दृष्टीने हा आढावा घेत आहे.

या विचाराचा आरंभ खुद्द सॉफ्टवेअरच्या व्यापारातच झाला. जपानमधील रियोइची मोरी यांनी १९८३ च्या सुमारास असे सुचविले की, नकला रोखण्याचा नाद सोडून त्या मोकळेपणाने पसरू द्याव्यात आणि प्रत्यक्ष वापर तेवढा मोजून त्याचे मोल घ्यावे. ही कल्पना पुढे ‘सुपरडिस्ट्रिब्यूशन’ या नावाने ओळखली गेली. त्यानंतर कॅलिफोर्नियात, झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत, मार्क स्टेफिक यांनी नव्वदच्या दशकात अधिक मूलगामी पाऊल टाकले. कोणाला, कोणत्या वस्तूवर, कोणत्या अटीने, काय करण्याची मुभा आहे, ही हकिकत यंत्राला वाचता येईल अशा नेमक्या भाषेत लिहिता आली पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले आणि तशी भाषा घडविली. तिच्याच वंशातील ‘एक्सआरएमएल’ ही भाषा २००० साली झेरॉक्स व मायक्रोसॉफ्ट यांच्या पाठबळाने निघालेल्या कंटेंटगार्ड कंपनीने पुढे आणली, आणि तिच्यावरून एमपेग-२१ या आंतरराष्ट्रीय मानकातील हक्कभाषा तयार झाली. रेनातो यानेल्ला यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ‘ओडीआरएल’ ही दुसरी, अधिक मोकळी भाषा २०१८ साली वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियमने शिफारस म्हणून स्वीकारली. मधल्या काळात पेटंटांचे दावे इतके माजले होते की, इंटरट्रस्ट या कंपनीशी तडजोड करताना मायक्रोसॉफ्टला एप्रिल २००४ मध्ये ४४ कोटी डॉलर मोजावे लागले. ज्या क्षेत्रात पाऊल टाकण्याचा नजराणा एवढा, तेथे लहान प्रकाशनसंस्थांनी स्वतःचे काही उभारण्याचे धाडस कोठून करावे?

प्रत्यक्ष रचना कशी असते हे पाहण्यासाठी मायक्रोसॉफ्टचीच ‘राइट्स मॅनेजमेंट सर्व्हिसेस’ ही व्यवस्था घेऊ. ती २००३ च्या अखेरीस ऑफिस २००३ बरोबर कचेऱ्यांत आली, आणि नंतरच्या बहुतेक व्यवस्थांची वळणे तिच्यात आधीच दिसतात. एखाद्या कंपनीतील हिशेबनीसाने पगारवाढीचा मसुदा केला आहे. तो तीन वरिष्ठांनी वाचावा, त्यांपैकी एकाने दुरुस्त करावा, पण कोणीही छापू नये आणि महिनाअखेरीनंतर तो कोणालाही उघडता येऊ नये, अशी त्याची इच्छा आहे. सॉफ्टवेअर प्रथम एक कोरा परवाना काढते आणि त्यात त्या तिघांचे ईमेल पत्ते, प्रत्येकाच्या नावापुढे त्याचे हक्क, मुदत, आणि पुढे ज्याच्याकडे दाद मागावयाची त्या सर्व्हरचा पत्ता, असा तपशील भरते. मग एक यादृच्छिक किल्ली निर्माण करून तिने मजकूर कूटबद्ध केला जातो. ती किल्ली सर्व्हरच्या सार्वजनिक किल्लीने बंद करून परवान्यात ठेवली जाते, आणि डिजिटल सहीने परवान्यावर मोर्तब होते. अशा रीतीने सिद्ध झालेली फाइल बाहेरून वर्डचीच दिसली, तरी तिच्या पोटात एका कप्प्यात कूटबद्ध मजकूर आणि दुसऱ्यात तो प्रकाशन-परवाना असे दोन ऐवज शेजारी शेजारी नांदत असतात.

वरिष्ठाने ती फाइल उघडू म्हटले की त्याच्या संगणकावरील सॉफ्टवेअर तो परवाना आणि वरिष्ठाच्या ओळखीचे प्रमाणपत्र सर्व्हरकडे धाडते. सर्व्हर आपल्या खाजगी किल्लीने परवान्यातील किल्ली मोकळी करतो, अर्जदाराचे नाव यादीत आहे की नाही याची रुजवात घेतो, तीच किल्ली आता त्या वरिष्ठाच्या सार्वजनिक किल्लीने पुन्हा बंद करतो, आणि केवळ त्याच्याच हक्कांचा उल्लेख असलेला वापर-परवाना त्याच्या हाती देतो. या संपूर्ण व्यवहारात दस्तऐवजाचा मजकूर सर्व्हरच्या दृष्टीस एकदाही पडत नाही. त्याच्याकडे जाते ती फक्त किल्ली. मजकूर आणि अधिकार यांची ही फारकत मला या रचनेतील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, कारण तिच्यामुळे दस्तऐवज कोणत्याही वाटेने, टपालाने म्हणा की पेन ड्राइव्हने म्हणा, कोठेही गेला तरी अधिकाराचा प्रश्न एकाच चावडीवर येऊन सुटतो.

परंतु याच सुंदर रचनेत सॉफ्टवेअर लिहिणाराला पेचात पाडणाऱ्या जागा आहेत. पहिली जागा खुद्द लेखकाची. मजकूर एकदा कूटबद्ध झाला की लेखकही इतरांसारखाच बाहेरचा माणूस ठरतो. त्याच्यासाठी मालकी-परवाना मुद्दाम निर्माण करावा लागतो, आणि ते काम विसरले तर स्वतःच लिहिलेल्या मसुद्यापुढे तो हात जोडून उभा राहतो. दुसरी जागा प्रवासातील लेखकाची, ज्याला सर्व्हर गाठता येत नाही; त्याच्यासाठी आगाऊ मुखत्यारीचे एक प्रमाणपत्र देऊन ठेवतात, म्हणजे तो संगणकावरच परवान्यावर सही करू शकतो. तिसरी जागा मृत्यूची किंवा राजीनाम्याची : ज्याच्या नावावर शेकडो दस्तऐवज बंद आहेत तो कर्मचारी निघून गेला, तर ते उघडावयाचे कोणी? त्यासाठी सर्व काही उघडू शकणाऱ्या ‘सुपर युजर’ गटाची सोय आहे, पण ती मुळात बंद ठेवलेली असते. चालू ठेवली तर एका माणसाच्या हाती सगळ्या कचेरीची गुपिते जातात, आणि बंद ठेवली तर वेळप्रसंगी कोणाच्याच हाती काही लागत नाही. हा निर्णय तंत्रज्ञाने एकट्याने घेऊ नये. तो संस्थेच्या जबाबदार माणसांनी, कागदोपत्री, आधी घ्यावा.

प्रमाणपत्रांच्या उतरंडीवर सगळी इमारत उभी असल्यामुळे वरचे एक मडके फुटले तरी काय होते, हे डिसेंबर २००९ मध्ये दिसले. ऑफिस २००३ मधील हक्करक्षणाशी निगडित असे मायक्रोसॉफ्टचे एक प्रमाणपत्र त्या महिन्यात मुदत संपून निरुपयोगी झाले, आणि त्याबरोबर ज्यांना वाचण्याचा पूर्ण अधिकार होता अशा लोकांनाही आपापले संरक्षित दस्तऐवज उघडेनात. दुरुस्ती प्रसिद्ध होईपर्यंत थांबण्यावाचून त्यांना गत्यंतर राहिले नाही. कोणी चोरी केली नव्हती, कुलूप तोडले नव्हते. केवळ एक तारीख उलटून गेली होती.

ज्याला वाचू द्यावयाचे त्याच्याच संगणकावर किल्ली उतरवावयाची, आणि तरीही ती त्याच्या हाती लागू द्यावयाची नाही, ही या साऱ्या व्यवस्थांची मूळ अडचण आहे. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये लष्करी गुप्तलेखनाविषयी लिहिताना असा दंडक घालून दिला होता की, किल्ली सोडून बाकीची सर्व रचना शत्रूला ठाऊक झाली तरी गुपित सुरक्षित राहिले पाहिजे. हक्करक्षणाचे सॉफ्टवेअर या दंडकाला उतरत नाही. किल्ली वाचकाच्याच यंत्रावर असल्यामुळे ती कोठे व कशी दडविली हेच येथे गुपित होऊन बसते, आणि असे गुपित चिकाटीच्या माणसापुढे फार दिवस टिकत नाही. जर्मनीतील बोखुम विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या याच व्यवस्थेविषयी दाखवून दिले की, ज्याला फक्त वाचण्याचा हक्क आहे असा माणूसही संरक्षण काढून टाकू शकतो आणि मजकूर बदलून तो पुन्हा मूळच्याच संरक्षणाखाली ठेवू शकतो. पीडीएफची गोष्ट तर याहून सोपी आहे. छापण्यास मनाई, नक्कल घेण्यास मनाई, अशा खुणा त्या फाइलीत एका आकड्याच्या रूपाने लिहिलेल्या असतात. वाचण्याचा पासवर्ड नसेल तर मजकूर उलगडणे कोणत्याही सॉफ्टवेअरला शक्य असते, आणि त्या खुणा पाळावयाच्या की नाही हे त्याच्या सौजन्यावर राहते. उघड्या दाराशेजारी टांगलेल्या ‘प्रवेश बंद’ या पाटीहून त्यांची किंमत अधिक नाही. शिवाय पडद्याचे छायाचित्र घेणाऱ्याला कोणताच परवाना अडवू शकत नाही, हे अशा व्यवस्था विकणारेही मान्य करतात.

तंत्राची ही उणीव भरून काढण्यासाठी कायद्याला पाचारण करण्यात आले. १९९६ च्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या कॉपीराइट करारात तांत्रिक कुलपांना कायद्याचे संरक्षण देण्याचे कलम आले आणि अमेरिकेने १९९८ मध्ये ते फार कडक स्वरूपात अमलात आणले. त्याचा एक गाजलेला तडाखा दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन प्रोग्रामरला बसला. अडोबीच्या ई-पुस्तकांवरील संरक्षण काढणारे सॉफ्टवेअर त्याने मॉस्कोच्या एल्कमसॉफ्ट कंपनीसाठी लिहिले होते, आणि जुलै २००१ मध्ये लास व्हेगासच्या एका परिषदेत त्या विषयावर भाषण केल्यावर त्याला अटक झाली. जनक्षोभामुळे अडोबीने आपली तक्रार सोडून दिली. पुढे कंपनीवर खटला चालून डिसेंबर २००२ मध्ये ज्यूरीने तिला निर्दोष ठरविले. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट अधिनियमात आलेले ६५-अ हे कलम मला अधिक समंजस वाटते. केवळ कुलूप उघडणे हा येथे गुन्हा नाही. हक्काचा भंग करण्याच्या हेतूने ते उघडले पाहिजे, तरच दोन वर्षांपर्यंतची कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी कुलूप उघडण्यास दुसऱ्याला मदत करणाऱ्याने त्या माणसाचे नाव, पत्ता व प्रयोजन यांची नोंद ठेवावी, एवढी अट आहे. म्हणजे अंध विद्यार्थ्यासाठी पुस्तक ऐकण्याजोगे करून देणारी संस्था रजिस्टर नीट ठेवील तर निर्धास्त राहू शकते. ही तरतूद आपल्या किती ग्रंथपालांना माहीत आहे, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

कचेरीतील मसुदा महिनाभर गुप्त राहिला की त्याचे काम झाले. पुस्तकाचे तसे नाही, ते पिढ्यान् पिढ्या उघडत राहिले पाहिजे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने ऑर्वेलच्या ‘१९८४’ व ‘ॲनिमल फार्म’ या पुस्तकांच्या विकलेल्या प्रती ग्राहकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या. विकणाऱ्याला ते हक्क नव्हते हे खरे, आणि पैसेही परत केले गेले, पण विकत घेतलेली वस्तू आपल्या कपाटातून रात्रीतून नाहीशी होऊ शकते ही जाणीव वाचकांना त्या दिवशी झाली. मायक्रोसॉफ्टने आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हा, जुलै २०१९ मध्ये, विकलेली सर्व पुस्तके उघडेनाशी झाली. किंमत परत मिळाली, आणि ज्यांनी समासात टिपा केल्या होत्या त्यांना वर २५ डॉलर मिळाले. एखाद्या अभ्यासकाच्या टिपांचे मोल असे ठोकताळ्याने ठरावे, हे मला मनस्वी दुःखदायक वाटते. त्या टिपा निदान वेगळ्या, उघड्या फाइलीत उतरवून घेण्याची सोय सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी पहिल्या दिवशी केली असती, तर ते नुकसान टळले असते.

या अनुभवांतून जी सुधारलेली रचना निघाली तिचे उत्तम उदाहरण म्हणजे पॅरिसच्या ईडीआरलॅब संस्थेने व रीडियम प्रतिष्ठानने पुढे आणलेली ‘एलसीपी’ ही पद्धत. ईपब पुस्तक हे वस्तुतः एक झिप गाठोडे असते. ते सोडून पाहिले तर मुखपृष्ठ, अनुक्रमणिका आणि पुस्तकाचे वर्णन उघडेच ठेवलेले आढळते, म्हणजे ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरला कुलूप न काढता सूची करता येते. प्रकरणे तेवढी कूटबद्ध असतात, आणि तीही आधी आकसून मग कूटबद्ध केलेली, कारण कूटबद्ध मजकूर नंतर आकसत नाही. शेजारीच परवान्याची एक छोटी, डोळ्यांनी वाचता येणारी फाइल असते. तीत देणाऱ्याचा पत्ता, आरंभ व अखेरची तारीख, किती पाने छापता येतील व किती अक्षरे उतरवून घेता येतील याचे आकडे, वाचकाला परवलीचे वाक्य आठवावे म्हणून एक सूचक ओळ, आणि शेवटी सही, असा मजकूर असतो. परवलीच्या वाक्यापासूनच किल्ली सिद्ध होत असल्यामुळे परवाना एकदा मिळाल्यावर विकत घेतलेले पुस्तक उघडताना दर वेळी विक्रेत्याच्या सर्व्हरची मनधरणी करावी लागत नाही. दुकान बंद पडले तरी पुस्तक उघडते. किल्ली सिद्ध करताना एक गुप्त संस्कार या पद्धतीतही ठेवलेला आहे, आणि तेवढ्या अंशी केर्कहॉफ्सचा आक्षेप तिलाही लागू पडतो. तथापि वाचकाची बूज राखणारी याहून चांगली व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. काही प्रकाशकांनी कुलूपच सोडून दिले : टॉर बुक्सने २०१२ मध्ये आपली ई-पुस्तके मोकळी केली, आणि त्याच वर्षी हॅरी पॉटरची पुस्तके ग्राहकाची अदृश्य खूण प्रतीत उमटवून विकण्यास सुरुवात झाली. ललित वाङ्मयासाठी हा मार्ग मला पुरेसा वाटतो.

मराठीत हे सॉफ्टवेअर रचावयाचे म्हटले की काही खास अडचणी येतात. किंडलवर मराठी पुस्तके २०१६ च्या अखेरीस अधिकृतपणे आली, बुकगंगासारख्या विक्रेत्यांनी स्वतःची वाचन-ॲप केली. पण परवान्याच्या अटी लिहिताना देवनागरीचा विचार कोणी केला आहे असे दिसत नाही. उतारा घेण्याची मर्यादा अक्षरांच्या संख्येत असते, आणि ती संख्या यंत्र युनिकोडच्या चिन्हांवरून मोजते. ‘स्त्री’ हे आपल्या दृष्टीने एक अक्षर, पण यंत्राच्या हिशेबी स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ ईकार अशी सहा चिन्हे. म्हणजे हजार अक्षरांची मुभा मिळालेला इंग्रजी वाचक जेवढा उतारा घेईल त्याहून बराच तोकडा उतारा मराठी वाचकाच्या वाट्याला येईल. परवलीच्या वाक्याची अडचण याहून विचित्र आहे. ‘किनाऱ्यावर’ हा शब्द काही कळफलक ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाने लिहितात, तर काही साधा ‘र’, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा क्रमाने. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, पण त्यांपासून सिद्ध होणाऱ्या किल्ल्या सर्वस्वी भिन्न. पुस्तक संगणकावर विकत घेऊन फोनवर उघडणारा प्रामाणिक वाचक अशा वेळी चोर ठरतो, आणि तेही का, हे त्याला कोणी सांगू शकत नाही. युनिकोडचे रूढ प्रमाणीकरणही या दोन रूपांना एक करीत नाही. किल्ली करण्यापूर्वी मराठीपुरता वेगळा नियम लावणे, किंवा परवलीचे वाक्य अंकांत ठेवणे, यांवाचून दुसरा उपाय नाही.

अंध वाचकांचा प्रश्न मराठीत दुहेरी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळविलेली असंख्य पुस्तके पीडीएफच्या रूपाने विकली जातात. त्यांत देवनागरी केवळ डोळ्यांना दिसते, आतली चिन्हे रोमन लिपीची असल्यामुळे वाचून दाखविणारे सॉफ्टवेअर त्यांतून निरर्थक स्वर काढते. त्यावर आणखी नक्कल-बंदीचे कुलूप बसविले की उरलीसुरली वाटही बंद होते. पीडीएफच्या जुन्या मानकात अपंग वाचकांसाठी मजकूर काढून घेण्याची स्वतंत्र परवानगी होती, ती प्रकाशकाला नाकारताही येत असे; २०१७ च्या दुसऱ्या आवृत्तीने ती नाकारण्याची सोयच रद्द केली. अंधांसाठी पुस्तके उपलब्ध करून देणाऱ्या मराकेश कराराला २०१४ मध्ये सर्वप्रथम अनुसमर्थन भारताने दिले. तेव्हा निदान भारतात लिहिल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरने ही परवानगी गृहीत धरूनच आपली रचना केली पाहिजे.

शेवटी मुदतीचा प्रश्न राहतो. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी त्याचे वाङ्मय सर्वांचे होते. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, आणि १ जानेवारी २०११ पासून त्यांच्या पुस्तकांवर कोणाचाच मालकी हक्क उरला नाही. पण कुलपाला कायद्याचे पंचांग कळत नाही. त्यांच्या पुस्तकाची परवान्याने बंद केलेली एखादी प्रत असेल तर ती आजही बंदच राहील. हक्कभाषांत अखेरची तारीख लिहिण्याची सोय असते, ती आजवर वाचकाचा अधिकार संपविण्यासाठीच वापरली गेली. तिच्याच शेजारी मालकाचा अधिकार संपण्याची तारीख लिहिण्यास तांत्रिक अडचण कोणतीच नाही. ती तारीख उजाडेपर्यंत प्रकाशक, विक्रेता आणि सर्व्हर यांपैकी काहीही शिल्लक असेल याची खात्री देता येत नाही, म्हणून कुलूप नसलेली एक प्रत विश्वासू जागी ठेवावी लागेल. छापील पुस्तकांसाठी अशा जागा आपल्याकडे आहेत : १९५४ च्या अधिनियमाने प्रकाशकांनी कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोनेमरा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना प्रत पोहोचविणे बंधनकारक आहे. तीच जबाबदारी ई-पुस्तकांच्या मोकळ्या प्रतींबाबत स्पष्ट शब्दांत घातली जावी, अशी प्रत दाखल झाल्याची पोच मिळाल्याखेरीज प्रकाशनाच्या सॉफ्टवेअरने परवान्यावर सही करू नये, आणि या दुरुस्तीचा मसुदा लिहावयास ग्रंथपालांच्या शेजारी असे सॉफ्टवेअर रचणाऱ्यांनाही बसवावे.